काजळ चालेल, कंगवा नको

"ताई, नमस्कार. माझं वय ३२. नागपुरात टेलिफोन एक्स्चेंज चौकातून मेट्रो पकडते, बर्डीला (सीताबर्डीला) गाडी बदलते आणि खापरीला उतरते. तिथून कंपनीची बस मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात नेते. सकाळी पाचला उठते. मुलीचा डबा, सासऱ्यांचा चहा आणि गोळ्या, नवऱ्याचा डबा, माझा डबा. साडेसातला घर सोडलं नाही तर कंपनीची बस चुकते. त्यामुळे वेणी, पावडर, काजळ, लिपस्टिक सगळं मी मेट्रोत उरकते. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. मागच्या मंगळवारी शेजारच्या काकू (रोज वैष्णोदेवी चौकातून चढतात) सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, 'काय करून राहिली वो बाई? हे काय तुमच्या घरची न्हाणी आहे का? माह्या साडीवर केस पाडले पहा किती!' लोक हसले. एका पोराने मोबाइल वर केला. व्हिडिओ काढला की नाही, माहीत नाही. मी बर्डीला उतरून कोपऱ्यात उभी राहून रडले. ताई, त्याच डब्यात माझ्या समोर बसणारे एक साहेब नेलकटरने नखं कापतात. त्यांना आजवर कुणी हूं की चूं केलं नाही. माझं खरंच चुकलं का? चुकलं असेल तर नेमकं काय, ते सांगा. आता मी दुसऱ्या डब्यात बसते."

– टेलिफोन एक्स्चेंजवरून चढणारी

पोरी, माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे, म्हणून तुला 'तू' म्हणते.

आधी सरळ उत्तर देते. केस विंचरलेस, ते चुकलं. पावडरीचं थोडं चुकलं. काजळ आणि लिपस्टिकमध्ये काहीही चुकलं नाही. काकूंचं म्हणणं बरोबर होतं, सांगायची रीत वाईट होती. नखं कापणाऱ्या साहेबांचं पूर्ण चुकतं. आणि मोबाइल वर करणाऱ्या पोराने जे केलं, ते या सगळ्यांपेक्षा वाईट. आता हे कशावरून ठरवलं, ते सांगते.

मी १९ वर्षं उमरेडहून नागपूरला बसने नोकरीला येत होते. सकाळची गाडी ठरलेली, खिडकीची जागा बहुतेक ठरलेली. शुक्रवारी न्हायचे आणि ओले केस तसेच मोकळे सोडून बसमध्ये चढायचे. खिडकीचा वारा लागला की कुही फाट्याच्या पुढे येईस्तोवर केस सुकायचे. मला ते फार सोयीचं वाटायचं. एका शुक्रवारी उतरायला उठले, सहज मागे पाहिलं. मागच्या बाकावर कॉलेजची एक मुलगी मांडीवर जर्नल उघडून बसली होती. पानावर बेडकाच्या हृदयाची आकृती होती आणि निळ्या शाईने लिहिलेली नावं ठिकठिकाणी फुटली होती. पाण्याचे थेंब माझ्या केसांचे. ती काहीच बोलली नाही. ओढणीच्या टोकाने एक एक थेंब टिपत होती, शाई पसरू नये म्हणून श्वास धरून. मी "माफ कर गं" म्हटलं आणि गर्दीने मला खाली ढकललं. तिला त्या दिवशी जर्नल जमा करायचं होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. त्यानंतर मी बसमध्ये केस मोकळे सोडले नाहीत.

माझं माप त्या दिवसापासून हेच आहे. मी जे करते ते माझ्या अंगावरच राहतं, की तिथून निघून दुसऱ्याच्या अंगावर, नाकात, कानात जाऊन पोचतं? अंगावर राहत असेल तर तो माझा प्रश्न. पोचत असेल तर ज्याच्यापर्यंत पोचतं त्याचाही प्रश्न. कुणाला ते नुसतं दिसलं आणि आवडलं नाही, म्हणून ते पोचलं असं होत नाही.

आपल्याकडे हा घोळ आत्ताच का वाढला, त्याचाही मी विचार केला. नागपूरच्या माणसाच्या प्रवासाच्या सवयी एसटीत आणि शहर बसमध्ये घडल्या. तिथे बहुतेक बाकं पुढे तोंड करून असतात. समोर दिसते ती कुणाची तरी पाठ आणि खिडकी उघडी असते. वास असो, धूळ असो, संत्र्याचा सालपट सोलताना उडणारा फवारा असो, सगळं वाऱ्यावर जातं. (मागच्या खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर जातं, हा भाग वेगळा, पण निदान गाडीत राहत नाही.) मग मार्च २०१९ मध्ये मेट्रो आली, आधी खापरी ते बर्डी. तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजवरून जाणारी, प्रजापती नगरपर्यंतची अ‍ॅक्वा लाइन तर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. म्हणजे गांधीबाग-इतवारीकडच्या माणसाला मेट्रोत बसायला लागून काही फार वर्षं झालेली नाहीत. या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. एसी चालू असतो, वास आतल्या आत फिरतो. आणि बाकं भिंतीला लागून लांबच लांब, समोरासमोर. बसमध्ये पाठ दिसायची, इथे तोंड दिसतं. आपण उघड्या खिडकीच्या सवयी घेऊन बंद डब्यात बसलो आहोत. तूही आणि ते साहेबही.

आता तुझ्या पर्समधल्या एकेका वस्तूकडे येऊ.

कंगवा. लांब केसांतून कंगवा फिरवला की दोन-चार केस तुटून येणारच, ते निरोगी केसांचंही होतं. माझी आजी विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळायची, त्याची बारीक गोळी करायची आणि मगच उठायची. जमिनीवर एक केस दिसला तर आम्हाला उठवून उचलायला लावायची. घरात जी शिस्त होती ती डब्यात कशी पाळणार? गाडी हलते, एसीचा झोत वरून येतो, केस कुठे गेला ते तुला कळतही नाही. काकूंची साडी सुती असेल, फिक्या रंगाची असेल, तर तिच्यावर तुझा हातभर लांब काळा केस कसा दिसला असेल, याचा विचार कर. दुसऱ्याच्या केसाची किळस ही आपल्याकडे फार जुनी आहे. जेवणात केस निघाला की ताट सरकवणारे आपण लोक. त्यात वेणी घालताना कोपरं दोन्हीकडे जातात. तू बाकावर एकटीच तिघांची जागा घेतेस. तेव्हा वेणी घरी. अगदीच नाही जमलं तर घरून चापाने केस वर बांधून निघायचं आणि खापरीला उतरल्यावर स्टेशनच्या स्वच्छतागृहात आरशासमोर नीट करायचे.

पावडर ब्रशने झटकलीस की ती हवेत उडते आणि शेजारच्या काळ्या पँटवर बसते. स्पंजने दाबून लावलीस तर कुणापर्यंत जात नाही. एवढाच बदल कर.

काजळ कुणाच्या अंगावर जात नाही. तरी त्याबद्दल माझी एक काळजी आहे आणि ती शिष्टाचाराची नाही, तुझ्या डोळ्याची आहे. स्टेशन आलं की गाडी ब्रेक लावते आणि अंग पुढे जातं. टोकदार पेन्सिल बुबुळापासून दोन दाण्यांवर असताना ते घडलं तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो, आणि तो फार दुखतो. म्हणून चालत्या गाडीत डोळ्याला पेन्सिल किंवा ब्रश लावू नकोस. बर्डीला तुला गाडी बदलावीच लागते. दुसऱ्या गाडीची वाट पाहताना प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत काजळ होतं. लिपस्टिक कुठेही लाव.

नेलपॉलिश आणि ते पुसायचं द्रव यांचं तू लिहिलं नाहीस. पण मी डब्यात पाहिलं आहे, म्हणून सांगते. दोन्हींचा उग्र वास बंद डब्यात जात नाही आणि पुसायचं द्रव पेट घेणारं असतं. ती बाटली मेट्रोत न्यायचीच नाही. अत्तर आणि स्प्रेसुद्धा घरूनच मारून यायचं. ज्याला दमा आहे त्याला शेजारी मारलेल्या एका फवाऱ्याने धाप लागू शकते आणि अर्धशिशीवाल्याचा दिवस तिथेच संपतो.

हा वाद काही आपल्या गावापुरता नाही. टोकियोच्या एका रेल्वे कंपनीने, तोक्यूने, २०१६ मध्ये गाडीत मेकअप करणाऱ्या बायकांना 'हे शोभत नाही' असं सांगणारी जाहिरात लावली. तिथल्या कितीतरी बायका चिडल्या. आम्ही कुणाला त्रास देतो ते तर सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटतं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने २०१५ मध्ये शिष्टाचाराची मोहीम काढली, त्यात एकाच पोस्टरवर नखं कापणं आणि नटणं दोन्ही घातलं: हा रेल्वेचा डबा आहे, स्वच्छतागृह नाही. काकू जवळपास तेच बोलल्या, फक्त नागपुरी बोलीत. पण मला त्या पोस्टरची जोडी मान्य नाही. नखाचा तुकडा उडून दुसऱ्याच्या मांडीवर पडतो, ओठावरची लिपस्टिक उडत नाही. दोघांना एका ओळीत बसवलं की खरा त्रास आणि नुसतं नाक मुरडणं यांतला फरक बुजतो. आणि मग ज्यांच्यावर नाक मुरडायची लोकांना सवय आहे त्यांनाच बोलणी बसतात. तुला बसली. साहेबांना बसली नाहीत.

त्या साहेबांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. नेलकटरचा तो 'कट्' आवाज एसीच्या घुंईतही डब्यात दुसऱ्या टोकाला ऐकू येतो आणि प्रत्येक 'कट्'बरोबर नखाची कोर कुठे जाईल याचा नेम नसतो. आपल्याकडे तिन्हीसांजेला नखं कापू नयेत म्हणत. त्याला लक्ष्मीचं कारण देत, पण माझी आजी खरं कारण सांगायची: कंदिलाच्या उजेडात उडालेलं नख सापडत नाही, मग ते पिठात निघतं नाहीतर पोराच्या पायात रुततं. ज्या समाजाने नखाच्या एका कोरीचा इतका विचार केला, त्याच समाजातला शिकलेला माणूस भर डब्यात नखं कापतो आणि कागदही खाली धरत नाही. कान किल्लीने कोरणं, काडीने दात कोरणं, बूट काढून मोजे वाळवत बसणं, शहर बसमध्ये तळहातावर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटणं, हे सगळं त्याच रांगेतलं. माझ्या पाहण्यात हे करणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना टोकणारं कुणी नसतं. बाईने केस विंचरले की डबाभर न्यायाधीश.

पुढच्या वेळी तू त्यांना बोल. असं बोल: "दादा, नखं इकडे उडून राहिले. घरी कापा नं." इतकंच. 'शरम नाही वाटत का' म्हणायचं नाही, 'शिकलेले दिसता' हेही नाही. माणसावर बोललं की माणूस भांडतो, वस्तूवर बोललं की बहुतेक वेळा वस्तू खिशात जाते. आवाज त्यांना ऐकू जाईल एवढाच ठेवायचा. एकदा बोलायचं. ऐकलं नाही तर जागा बदलायची आणि उतरल्यावर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. मेट्रोच्या २००२ च्या कायद्यात डब्यात उपद्रव करणाऱ्याला दंडाची तरतूद आहे, पण नेलकटरसाठी कायद्यापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. पहिलं वाक्य नीट निघालं तर पुरतं.

घामाचंही बोलून घेते. तू विचारलं नाहीस, पण याच मापाने त्याचंही बघावं लागतं, आणि नागपुरात एप्रिल ते जून या विषयाला बगल देता येत नाही. नवतपा लागला की पारा ४५ च्या वर. सुती दुपट्टा तोंडाला गुंडाळून, खिशात कांदा ठेवून माणूस बसस्टॉपवर उभा असतो. शहर बसमध्ये उभ्याने दांडा धरला की आपली काख बसलेल्याच्या नाकाशी येते. इथे वास पोचतो, यात शंका नाही. पण नख कापणं थांबवता येतं, घाम थांबवता येत नाही. म्हणून इथे मी आणखी एक गोष्ट पाहते: त्या माणसाच्या हातात काही होतं का?

लोकमान्य नगरच्या बाजूला हिंगणा एमआयडीसीतून सुटलेला माणूस पाळी संपवून डब्यात चढतो. बांधकामावरची बाई दिवसभर विटा वाहून बसमध्ये चढते. त्यांना मधे कुठे अंघोळीची सोय आहे? त्यांच्या शेजारी बसून ओढणी नाकाला लावू नये. आपल्याला अगदी सहन होत नसेल तर उठून दाराजवळ उभं राहावं, जणू आपलं स्टेशन जवळ आलं आहे.

ज्यांच्या हातात आहे त्यांनी मात्र करावं. घामाला स्वतःला जवळजवळ वास नसतो. काखेत, जांघेत ज्या ग्रंथी असतात त्यांच्या घामावर त्वचेवरचे जंतू जगतात आणि वास ते तयार करतात. म्हणून वरून सेंट फवारून उपयोग होत नाही, दोन वास होतात. काख साबणाने धुवून कोरडी पुसायची, हे पहिलं. न्हावी दाढीनंतर लावतो ती तुरटी ओली करून काखेत फिरवली तरी बराच फरक पडतो. घाम रोखणारं बाजारातलं औषध लावायचं असेल तर ते रात्री कोरड्या अंगावर लावावं, तेव्हा घाम कमी असतो आणि ते धरतं. सकाळी घाईत ओल्या काखेवर लावलेलं वाहून जातं. उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा शर्ट टाळावा. तो वास धरून ठेवतो, धुतल्यावरही घाम आला की तोच वास पुन्हा येतो. सुताचं तितकं होत नाही. आणि आपलं नाक आपल्याच वासाला सरावतं, तेव्हा 'मला तर येत नाही' या वाक्यावर विश्वास ठेवू नये. घरातल्या माणसाला विचारावं. नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला हे खरं सांगावं, कारण बाहेरचं कुणी सांगणार नाही, फक्त जागा बदलून बसेल.

आता त्या मोबाइलवाल्या पोराकडे येते. तुझा केस साडीवर पडला, तो उचलता येतो. रडवेल्या बाईचा व्हिडिओ एकदा हातोहात गेला की कुणालाच परत घेता येत नाही. तसं पुन्हा झालं तर तोंड लपवू नकोस. त्याच्याकडे बघून मोठ्याने सांग, "मोबाइल खाली कर. माझा व्हिडिओ काढायला मी परवानगी दिलेली नाही." इथे आवाज मोठाच पाहिजे, शेजाऱ्यांना कळायला हवं काय चाललंय ते. नाही ऐकलं तर पुढच्या स्टेशनवर सुरक्षारक्षकाला त्याच्याकडे बोट करून दाखव. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते: डब्यात कुणाला बोलणी बसत असतील तेव्हा हसू नका. त्या दिवशी एखादी बाई उठून या दोघींमध्ये उभी राहिली असती आणि "काकू, झालं, बसा" एवढं म्हणाली असती, तरी ही मुलगी बर्डीच्या कोपऱ्यात एकटी रडली नसती.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. मुलीचा डबा, सासऱ्यांचा चहा आणि गोळ्या, नवऱ्याचा डबा, माझा डबा. पाच ते साडेसात, अडीच तास. त्यात आरशासमोर उभं राहायला दहा मिनिटं नाहीत. म्हणजे तू मेट्रोत नटतेस ते हौसेने नाही, घराने तुला आरसाच सोडला नाही म्हणून. केस घरी विंचर, असं मी वर सांगून टाकलं, पण ती दहा मिनिटं येणार कुठून, हे न सांगता तो सल्ला अर्धा आहे. ती नवऱ्याच्या डब्यातून येतील. पोळ्या तू कर, डबा त्याने भरावा. भाजी काढणं, झाकण लावणं, पिशवीत ठेवणं, तिन्ही डब्यांचं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. सासऱ्यांच्या गोळ्या आठवड्याच्या एकदम लावून ठेवता येतात, रविवारी मुलीच्या हातूनही होईल. हे आज रात्री भांडणाच्या सुरात काढू नकोस. जेवण झाल्यावर सांग, "सकाळी सात ते सात-दहा मी आरशासमोर असेन, तेवढं बघा." विचारू नकोस, सांग. पहिले चार दिवस भाजी सांडेल, झाकण उलटं बसेल. सांडू दे. आतून डोकावून दुरुस्त करायला जाऊ नकोस, गेलीस की ती दहा मिनिटं परत गेली.

राहिल्या काकू. त्या चढतात वैष्णोदेवी चौकात, तू टेलिफोन एक्स्चेंजला, म्हणजे रोज निदान पाच-सहा स्टेशनं तुमची सोबत होती. तुझ्या मनात त्यांचा राग आहे आणि तो रास्त आहे. चारचौघांत जे लागतं ते बराच काळ निघत नाही. पण त्यांच्या जागेवरूनही एकदा बघ. कदाचित कित्येक दिवस त्या साडीवरचे केस मुकाट्याने उचलत असतील. पहिल्या दिवशी हळू सांगायला जमलं नाही आणि साठत साठत मंगळवारी बाहेर पडलं. आपल्या बायकांचं असं होतं. आधी महिनोन्महिने बोलत नाही, मग एकदम डबाभर ऐकू जाईल असं बोलतो. माझ्या मागच्या बाकावरची ती मुलगी बोलली नाही, तिचं मला अजून टोचतं. काकू बोलल्या, ते तुला टोचतंय. दोन्हींमधलं काहीतरी आपल्याला शिकायला हवं होतं आणि आपल्याला ते कुणी शिकवलं नाही.

डबा बदलू नकोस. सोमवारी त्याच डब्यात चढ, वेणी घालून. काकूंच्या शेजारी जागा असेल तर तिथेच बस. आणि गाडी सुटली की त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हण, "काकू, केस आता घरूनच बांधून येते. साडीवर पडले, चुकलं माझं. पण तुम्ही मला हळू सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं." मग त्या काय म्हणतात त्याची वाट बघ. गप्प राहिल्या तरी चालेल. त्यांनी सरकून तुझ्या पर्सला जागा करून दिली, तर तेच त्यांचं उत्तर समज. आणि कॉटन मार्केट गेलं, बर्डी आली की उतर, प्लॅटफॉर्मवर उभी राहा आणि निवांत काजळ लाव.